कानामुळे जमिनीवर अडकलेला चांद्रवीर

चंद्रावर पहिले पाऊल कोणी ठेवले, हे शाळकरी मूलही सांगेल. दुसरे नावही बऱ्याच जणांना आठवते. पाचवे नाव विचारले, तर मात्र बहुतेक जण डोके खाजवतील. १९६९ ते १९७२ या काळात सहा मोहिमांत मिळून १२ माणसे चंद्रावर चालली. त्यांतले पाचवे ॲलन शेपर्ड. अंतराळात गेलेले पहिले अमेरिकी नागरिकही तेच. या दोन उड्डाणांमध्ये जवळपास दहा वर्षांचे अंतर आहे. त्यांतली साडेपाच वर्षे शेपर्ड यांना जमिनीवर बसून काढावी लागली, आणि त्याला कारण होता त्यांचा डावा कान.

चक्कर ही आम्हा सरकारी रुग्णालयातल्या डॉक्टरांची रोजची तक्रार. ओपीडीत आलेला माणूस चक्कर येते म्हणतो आणि निदानही स्वतःच सांगतो : बीपी वाढले असेल, अशक्तपणा असेल, मानेचा मणका दबला असेल. कानाचे नाव क्वचितच निघते. ट्रकचालक, बांधकामाच्या परातीवर चढणारा मजूर, विजेच्या खांबावर काम करणारा वायरमन हे तर चक्कर शक्यतो लपवतात, कारण ती उघड झाली तर काम जाण्याची भीती असते. शेपर्ड यांनीही सुरुवातीला नेमके हेच केले होते. म्हणून आज त्यांची गोष्ट.

विमानतळावरची हरकामे

ॲलन शेपर्ड यांचा जन्म १८ नोव्हेंबर १९२३ रोजी अमेरिकेच्या न्यू हॅम्पशायर राज्यातल्या ईस्ट डेरी या छोट्या गावात झाला. वडील लष्करातले. शाळा एका खोलीची. एकाच शिक्षिकेच्या हाताखाली सगळे वर्ग, आपल्याकडच्या खेड्यातल्या जुन्या शाळेसारखे. मुलाला विमानांचे वेड होते. शाळकरी वयात तो सायकल दामटत जवळच्या मँचेस्टर शहराच्या विमानतळावर जायचा, तिथे पडेल ते काम करायचा, आणि त्या बदल्यात त्याला कधीमधी विमानात बसायला मिळायचे.

पुढे नौदल अकादमीतून ते १९४४ मध्ये पदवीधर झाले. दुसऱ्या महायुद्धाचा शेवटचा टप्पा त्यांनी पॅसिफिक महासागरात एका विनाशिकेवर काढला. युद्धानंतर वैमानिक झाले, मग चाचणी वैमानिक. नव्या विमानात काय बिघडू शकते, हे ते स्वतः उडवून शोधायचे, असे हे काम. रात्रीच्या अंधारात विमानवाहू जहाजावर विमान उतरवणे हे त्यांच्या हातखंड्यांपैकी एक. अशा माणसाचा तोल उत्तमच असणार, असे कुणीही म्हणेल.

कानात बर्फासारखे पाणी

१९५९ मध्ये अमेरिकेच्या अंतराळ संस्थेने, नासाने, पहिले सात अंतराळवीर निवडले. शेपर्ड त्यांत होते. निवडीआधी उमेदवारांना अल्बुकर्की इथल्या लव्हलेस क्लिनिकमध्ये तपासणीसाठी धाडले गेले. अंतराळात माणसाच्या शरीराचे काय होते, हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हते. त्यामुळे डॉक्टरांनी सुचेल ती तपासणी केली. रक्त, हाडे, डोळे, फुप्फुसे, आतडी, काहीही सोडले नाही.

त्यांतली एक तपासणी होती कानात अतिथंड पाणी सोडण्याची. ऐकायला छळ वाटतो, पण तिच्यामागे साधे शरीरशास्त्र आहे. आपल्या अंतर्कर्णात, म्हणजे कानाच्या सर्वांत आतल्या भागात, तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. त्यांत द्रव भरलेला असतो. डोके वळले की द्रव हलतो आणि मेंदूला कळते की आपण कुठल्या दिशेने वळलो. बाहेरून थंड पाणी घातले की आतला द्रव थंड होऊन सरकतो. डोके स्थिर असूनही मेंदूला वाटते की आपण गरगर फिरतो आहोत. डोळे एका लयीत झटके देऊ लागतात. दोन्ही कानांचा प्रतिसाद सारखा आला, तर तोल सांभाळणारी यंत्रणा ठीक आहे, असे समजायचे. कान-नाक-घसा विभागात ही चाचणी आजही करतात.

शेपर्ड या चाचणीतही पार झाले. त्यांचे दोन्ही कान तेव्हा ठणठणीत होते. चारच वर्षांत त्यांतला एक दगा देणार होता.

पंधरा मिनिटांचे उड्डाण

१२ एप्रिल १९६१ रोजी सोव्हिएत संघाच्या युरी गागारिन यांनी १०८ मिनिटांत पृथ्वीप्रदक्षिणा करून इतिहास घडवला. त्यानंतर २३ दिवसांनी, ५ मे १९६१ रोजी, शेपर्ड यांना घेऊन फ्रीडम-७ हे यान फ्लोरिडातून उडाले. ते पृथ्वीभोवती फिरले नाही. फेकलेल्या दगडासारखे वर गेले आणि समुद्रात येऊन पडले. उंची गाठली सुमारे १८७ किलोमीटर, म्हणजे नागपूर ते अमरावती या अंतराहून थोडी जास्त. वेळ लागला १५ मिनिटे. परत वातावरणात शिरताना त्यांच्या शरीराला वजनाच्या जवळपास अकरापट भार सोसावा लागला.

या उड्डाणातला एक प्रसंग आम्हा डॉक्टरांना फार जवळचा. उड्डाण १५ मिनिटांचेच असल्याने लघवीची काहीच सोय केलेली नव्हती. ढग आणि तांत्रिक दुरुस्त्या यांमुळे उशीर होत गेला. शेपर्ड यानात पाठीवर पडून चार तासांहून अधिक काळ अडकले. बाहेर येण्याची परवानगी मिळेना. शेवटी अंगावरच्या तपासणी-तारांचा वीजपुरवठा थोडा वेळ बंद करण्यात आला आणि त्यांनी सूटमध्येच मोकळे होऊन घेतले. कोट्यवधी डॉलरच्या योजनेत माणसाच्या मूत्राशयाचा विचार राहून गेला होता. रुग्णालयाची इमारत बांधताना शौचालये विसरावीत, तसेच हे!

या उड्डाणानंतर २० दिवसांनी अध्यक्ष जॉन केनेडी यांनी दशक संपण्याआधी माणूस चंद्रावर उतरवून सुखरूप परत आणण्याचे उद्दिष्ट देशापुढे ठेवले. तोवर अमेरिकेचा अंतराळातला मानवी अनुभव एवढाच होता : शेपर्ड यांची १५ मिनिटे.

मेनिअर्स नावाचा पाहुणा

पुढच्या जेमिनी मालिकेच्या पहिल्या समानव उड्डाणाचे नेतृत्व शेपर्ड यांच्याकडे आले. तयारी सुरू झाली, आणि १९६३ मध्ये आजाराने डोके वर काढले. एकाएकी सगळे गरगर फिरू लागायचे, मळमळ, उलटी, डाव्या कानात घणघण आवाज, त्या कानाने कमी ऐकू येणे. झटका ओसरला की माणूस पुन्हा धडधाकट.

त्यांनी हे लपवले. उड्डाण हातचे जाईल ही भीती होती. झटका यानात किंवा विमानात आला तर जीव जाईल, हेही त्यांना पुरते ठाऊक होते. तरी ते गप्प राहिले. अखेर ह्यूस्टनमध्ये एका व्याख्यानाच्या वेळी व्यासपीठावरच झटका आला. त्यांना धरून खाली न्यावे लागले. मग मात्र त्यांनी सहकारी डेक स्लेटन यांना खरे काय ते सांगितले आणि नासाच्या डॉक्टरांकडे गेले.

निदान झाले मेनिअर्स आजाराचे. हे नाव पॅरिसचे डॉक्टर प्रॉस्पर मेनिएर यांच्यावरून पडले. त्यांच्या आधी अशा गरगरीला मेंदूत रक्त साठल्याचा झटका समजत आणि जळवा लावून रक्त काढत. मेनिएर यांनी १८६१ मध्ये दाखवून दिले की दोष मेंदूत नसून अंतर्कर्णात असू शकतो. शेपर्ड यांच्या उड्डाणाच्या बरोबर शंभर वर्षे आधीची ही गोष्ट.

या आजारात अंतर्कर्णातल्या एका द्रवाचे प्रमाण वाढते आणि तो ज्या नाजूक पिशव्यांत असतो त्या फुगतात. तो का वाढतो, याचे पक्के उत्तर अजून नाही. झटका साधारण २० मिनिटांपासून काही तासांपर्यंत टिकतो. कान भरल्यासारखा वाटतो, आवाज येतो, ऐकू येणे कमीजास्त होत राहते. आजाराने जीव जात नाही. पण पुढचा झटका कधी येईल, हे सांगता येत नाही, आणि वैमानिकासाठी तेच सर्वांत वाईट.

जमिनीवरची वर्षे

नासाच्या डॉक्टरांनी शेपर्ड यांना उड्डाणाला अपात्र ठरवले. जेमिनीची ती मोहीम गस ग्रिसम आणि जॉन यंग यांच्याकडे गेली. शेपर्ड यांना साधे विमानही एकट्याने उडवायला बंदी झाली. शेजारी दुसरा वैमानिक हवाच. अमेरिकेच्या पहिल्या अंतराळवीराला हे किती लागले असेल, याची कल्पना करता येते.

डेक स्लेटन यांचीही तीच गत होती. मूळच्या सातांपैकी ते एक. हृदयाचे ठोके अनियमित पडतात म्हणून त्यांना १९६२ मध्येच जमिनीवर आणले गेले होते. उड्डाणाची बंदी असलेले हे दोघे मिळून इतरांच्या उड्डाणांचे नियोजन करू लागले. स्लेटन उड्डाण-चमूंची निवड पाहायचे, शेपर्ड अंतराळवीर कार्यालयाचे प्रमुख झाले. शेपर्ड यांचा स्वभाव मुळातच दोन टोकांचा. या काळात ते जास्तच कडक झाले. साहेबांची आजची लहर कळावी म्हणून त्यांच्या सचिव बाई दाराशी त्यांचा हसरा किंवा रागीट फोटो लावून ठेवत, असे सांगतात.

दरम्यान एकेक कनिष्ठ सहकारी अंतराळात जाऊन येत होता. शेपर्ड मात्र औषधे घेत होते, तपासण्या करत होते आणि वाट पाहत होते. कान सुधारत नव्हता.

कानामागची बारीक नळी

१९६८ मध्ये सहकारी अंतराळवीर टॉम स्टॅफर्ड यांनी त्यांना लॉस एंजलिसच्या डॉ. विल्यम हाऊस यांचे नाव सुचवले. हाऊस आधी दंतवैद्य, मग कानाचे शल्यविशारद. दंतवैद्याची सूक्ष्म ड्रिल आणि सूक्ष्मदर्शक यांचा कानाच्या शस्त्रक्रियेत वापर वाढवणाऱ्यांत ते अग्रभागी होते. आज जन्मतः बहिऱ्या मुलांना ज्या कॉक्लिअर इम्प्लांटमुळे ऐकू येते, त्याचे पहिले प्रयोग करणाऱ्यांतही हाऊस होते.

हाऊस यांची कल्पना नळकामाची होती. टाकीत पाणी जास्त झाले तर निचऱ्याला वाट काढून द्यायची. कानामागचे हाड कोरून आतल्या पिशवीपर्यंत पोहोचायचे, तिला बारीक छेद द्यायचा आणि एक छोटी नळी बसवायची. जादा द्रव मेंदूभोवतीच्या पाण्यात निघून जातो. गवगवा नको म्हणून शेपर्ड व्हिक्टर पुलोस या खोट्या नावाने रुग्णालयात दाखल झाले. शस्त्रक्रिया झाली. पुढचे काही महिने चक्कर आली नाही. नासाच्या डॉक्टरांनी कसून तपासले आणि ७ मे १९६९ रोजी त्यांची बंदी उठवली.

दोनच महिन्यांनी, २० जुलै १९६९ रोजी, अपोलो-११ चंद्रावर उतरले. ऑक्टोबरमध्ये आर्मस्ट्राँग, ऑल्ड्रिन आणि कॉलिन्स जगाच्या दौऱ्यात मुंबईला आले, तेव्हा त्यांना पाहायला लोटलेली गर्दी जुन्या मुंबईकरांना आठवत असेल. त्या वेळी पंचेचाळिशीतले शेपर्ड पुन्हा प्रशिक्षणाला लागलेले होते.

सत्तेचाळिसाव्या वर्षी चंद्र

त्यांना आधी अपोलो-१३ देण्याचे ठरत होते. वरिष्ठांना वाटले की इतकी वर्षे बाहेर राहिलेल्या माणसाला सरावाला आणखी वेळ द्यावा. म्हणून त्यांना अपोलो-१४ मिळाले आणि १३ जेम्स लव्हेल यांच्याकडे गेले. एप्रिल १९७० मध्ये अपोलो-१३ च्या ऑक्सिजन टाकीचा स्फोट झाला. लव्हेल आणि त्यांचे साथी कसेबसे जिवंत परतले, पण चंद्रावर उतरू शकले नाहीत. आता सगळ्या जगाचे लक्ष १४ कडे लागले. तिचे प्रमुख होते कानात नळी असलेले शेपर्ड. सोबतचे स्टुअर्ट रूसा आणि एडगर मिशेल पहिल्यांदाच अंतराळात जाणारे. तिघांचा मिळून अंतराळाचा अनुभव तोच, १५ मिनिटांचा.

३१ जानेवारी १९७१ रोजी यान उडाले. वाटेत दोन यानांची जोडणी पाच वेळा फसली, सहाव्या प्रयत्नात जमली. चंद्रावर उतरण्याआधी एका स्विचमध्ये धातूचा बारीक कण अडकून उतरणे रद्द करण्याचा खोटा संदेश येऊ लागला. पृथ्वीवरच्या एका तरुण संगणकतज्ज्ञाने घाईने पर्यायी सूचना लिहून काढल्या आणि मिशेल यांनी त्या हाताने टंकल्या. शेवटी उंची मोजणारे रडार ऐनवेळी चालेना, तेही मार्गी लागले. ५ फेब्रुवारीला यान फ्रा मॉरो या टेकड्यांच्या प्रदेशात उतरले. अपोलोच्या सहा अवतरणांपैकी ठरलेल्या जागेच्या सर्वांत जवळ उतरलेले हेच.

तेव्हा शेपर्ड ४७ वर्षांचे होते. चंद्रावर चाललेल्या बाराजणांत वयाने सर्वांत मोठे. काळ्या आकाशात टांगलेली पृथ्वी पाहून आपल्याला रडू आले, असे त्यांनी नंतर सांगितले. सहकाऱ्यांना धाकात ठेवणाऱ्या माणसाकडून हे कुणाला अपेक्षित नव्हते.

दुसऱ्या दिवशी दोघे सामानाची हातगाडी ओढत कोन नावाच्या विवराच्या काठाकडे चढू लागले. चढ, धूळ, जड सूट आणि फसवी अंतरे. शेपर्ड यांच्या नाडीचे ठोके मिनिटाला १५० पर्यंत गेले. पृथ्वीवर डॉक्टर आकडे पाहत होते. वेळ संपत आल्याने त्यांना परत फिरावे लागले. काठ अवघ्या वीसेक मीटरवर राहिला होता, हे नंतर छायाचित्रांवरून कळले. निघण्याआधी शेपर्ड यांनी नमुने गोळा करायच्या दांड्याला गोल्फच्या काठीचे टोक जोडून एका हाताने दोन चेंडू मारले. तोल गेला नाही. ज्या कानाने त्यांना जमिनीवर उभे राहू दिले नव्हते, तो एक षष्ठांश गुरुत्वात गोल्फ खेळून परत आला.

या मोहिमेने ४२ किलोहून अधिक दगडमाती आणली. अपोलो मोहिमांच्या नमुन्यांवर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत देवेंद्र लाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीही काम केले. चंद्राचे तुकडे असे महाराष्ट्रातही आले होते.

श्रेय नळीचे की काळाचे?

इथे डॉक्टर म्हणून थोडे थांबायला हवे. शेपर्ड बरे झाले, म्हणजे नळीनेच बरे झाले का? १९८१ मध्ये डेन्मार्कमधल्या डॉक्टरांनी ३० मेनिअर्स रुग्णांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध केला. निम्म्यांना खरी नळी बसवली, निम्म्यांचे कानामागचे हाड नुसते उघडून बंद केले. कुणाला काय झाले, हे रुग्णांना माहीत नव्हते. दोन्ही गटांतल्या बहुतेकांना जवळपास सारखाच आराम पडला. पुढे त्या निष्कर्षांवर वाद झाले, आणि ही शस्त्रक्रिया आजही काही ठिकाणी होते. पण या आजाराचा स्वभाव लहरी आहे. झटके आपोआपही वर्षानुवर्षे थांबतात. म्हणून एका प्रसिद्ध माणसाच्या अनुभवावरून उपचार ठरवू नये, मग तो माणूस चंद्रावर जाऊन आलेला का असेना.

आज सुरुवात साध्या गोष्टींपासून होते. जेवणातले मीठ कमी करणे, काही औषधे, तोलाचे व्यायाम. एवढ्याने भागले नाही तर कानाच्या पडद्याआड इंजेक्शन. शस्त्रक्रिया फार थोड्यांना लागते.

मात्र प्रत्येक चक्कर मेनिअर्सची नसते. कूस बदलताना काही सेकंद गरगरत असेल, तर बहुधा कानातले कॅल्शियमचे सूक्ष्म खडे जागचे हललेले असतात. प्रशिक्षित डॉक्टर डोके ठरावीक क्रमाने वळवून ते जागेवर नेऊ शकतात, अनेकदा एकाच भेटीत. चक्करसोबत बोबडे बोलणे, दोन-दोन दिसणे, तोंड वाकडे होणे, हातापायाची शक्ती जाणे किंवा उभेच राहता न येणे यांतले काही असेल, तर तो पक्षाघात असू शकतो. तेव्हा सलाईनची बाटली लावून घरी पडून राहू नका, ताबडतोब मोठे रुग्णालय गाठा.

परतल्यावर

शेपर्ड १९७४ मध्ये रिअर ॲडमिरल म्हणून निवृत्त झाले. उद्योगात त्यांनी भरपूर पैसा मिळवला. पहिल्या सातांतल्या हयात साथीदारांसह विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती देणारी संस्था उभी केली. स्लेटन यांनाही १९७२ मध्ये पुन्हा पात्र ठरवले गेले आणि १९७५ मध्ये, ५१ व्या वर्षी, ते अंतराळात जाऊन आले. शेपर्ड यांना पुढे रक्ताचा कर्करोग झाला. २१ जुलै १९९८ रोजी, ७४ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. पाच आठवड्यांनी पत्नी लुईझ याही गेल्या.

त्यांना जमिनीवर आणणारे डॉक्टर कठोर वाटतील, पण त्यांचा निर्णय बरोबर होता. अवचित चक्कर येणाऱ्याच्या हाती यान देता येत नाही, तशी पन्नास प्रवाशांची बसही देता येत नाही. मात्र नासाने त्यांना कामावरून काढले नाही. दुसरे काम दिले, उपचारांना वेळ दिला, आणि बरे झाल्यावर नीट तपासून परत घेतले. आपल्याकडे चालकाला, वायरमनला एवढा भरवसा मिळाला, तर तो आजार लपवणार नाही. मालकांनी आणि अधिकाऱ्यांनी याचा विचार करावा. आणि ज्यांना अशी चक्कर येते, त्यांनी कामावर वर चढण्याआधी एकदा कान दाखवून घ्यावा.